मिस्टर आहो

डॉक्टरांनी तिला वार विचारला, तो तिने बरोबर सांगितला. महिना एक मागचा सांगितला. समोर धरलेल्या वस्तूला काय म्हणतात, असं विचारल्यावर 'पेन' म्हणाली आणि टोपण लावून ठेवा, नाहीतर शाई वाळते, असंही बजावलं. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हटल्यावर तिने त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की डॉक्टरच ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?"

तिने मान खाली घातली, पदर सावरला आणि ती हसली.

डॉक्टर मूळचे आमच्याच भागातले. या प्रश्नाला आपली आई, आपल्या मावश्या अशाच हसताना त्यांनी पाहिलेल्या. तेही हसले आणि कागदावर त्या प्रश्नापुढं बरोबरची खूण केली. त्या एका खुणेच्या भरवशावर मी बायकोला घेऊन स्कॉटलंडला गेलो.

आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कागदावर ते असतं. तिचं नाव आणि आमचं आडनाव यांच्या मधोमध माझं नाव बसलेलं असतं. जिभेवर मात्र येत नाही. लग्नात, बारशांत, हळदीकुंकवाला चार बायकांनी धरून बसवलं की उखाण्यात तेवढं घ्यायचं. एरवी 'अहो'. मी गेवराईच्या कॉलेजात इतिहास शिकवला. राजेरजवाड्यांचे मुजरे, पुढाऱ्यांचे सत्कार, सगळ्या रीतीभातींची वर्गात टिंगल केली. या एका रीतीची कधी केली नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

डॉक्टरांना मी म्हणू शकलो असतो की साहेब, हे हसणं म्हणजे उत्तर नव्हे, दुसऱ्या तऱ्हेनं विचारून बघा. म्हणालो नाही. फाईल उचलली आणि बाहेर आलो. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं होतं. अलीकडचं आधी जाईल, जुनं बरेच दिवस टिकेल, असंही सांगितलं होतं. मी जुन्यात मोडतो की अलीकडच्यात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. संभाजीनगरहून बीडला येईपर्यंत एसटीत ती खिडकीशी शांत झोपली होती आणि मी त्या खुणेचा विचार करत होतो.

स्कॉटलंडचं खूळ माझं नव्हतं. माझा एक मित्र साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा इन-चार्ज म्हणून रिटायर झाला. उभा जन्म त्याने मळीपासून स्पिरिट काढलं. त्या वासानं आसपासच्या चार गावांत सोयरीक जमायची पंचाईत, असं तोच सांगायचा. त्याची मुलगी ग्लासगोला असते. तिने आईबापांसाठी आठ दिवसांची गाडी ठरवली, ड्रायव्हरसकट. किल्ले आणि व्हिस्कीचे कारखाने, दुसरं काही नाही. गाडीत दोन जागा रिकाम्या होत्या.

बायकोने शिरूर कासारला झेडपीच्या शाळेत चौथीचा वर्ग बरीच वर्षं सांभाळला. चौथीच्या इतिहासात किल्लेच किल्ले. दर साली सहल निघायची आणि दर साली ती घरी येऊन तेच म्हणायची, "आपले सगळे किल्ले रिकामे. पोरं इचारतात, बाई, राजा झोपायचा कुठं? मी काय दाखवू? एकदा सामानासकट किल्ला बघायचाय." मित्राचा फोन आला तेव्हा मला हे वाक्य आठवलं. तिला आठवत होतं की नाही, माहीत नाही. आपण किल्ला बघायला जायचंय, म्हटल्यावर ती म्हणाली, "पोरांच्या चिठ्ठ्या आल्या का घरून?"

मित्राला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने नेलंच असतं, पण सगळ्यांनी तिच्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलायला सुरुवात केली असती. ते मला नको होतं. शिवाय ती खूण होतीच.

तिथल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईनं तिला पूर्ण नाव विचारलं. तिने स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं गाळलं. त्या बाईनं पासपोर्टावर बोट ठेवून मधल्या नावाचं विचारलं. बायको मान खाली घालून हसली. मी घाईनं पुढं होऊन म्हणालो की ते माझं नाव आहे, आमच्यात ते उच्चारत नाहीत. पासपोर्टवाली बाई म्हणाली, किती गोड पद्धत आहे. मीही 'हो' म्हणालो. साता समुद्रापार मला एका रूढीची बाजू घेताना पाहून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मजा वाटली असती.

पहिला किल्ला मोठा होता आणि सामानासकट होता. पलंग होता, त्यावर मच्छरदाणीसारखे पडदे होते. बशा, चमचे, मेणबत्त्यांची झाडं होती. भिंतीभर तलवारी रांगोळीसारख्या गोल मांडलेल्या आणि वर हरणांची मुंडकी. बायको पहिल्या खोलीच्या दारात थबकली. "हाय की सामान," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, एवढ्यासाठीच येणं सार्थकी लागलं. पुढं ते तसंच राहिलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

आमच्याबरोबर एक माहितगार होता. सरदार घराण्याविषयी बोलताना तो आवाज खाली आणायचा. हे महाराज अजूनही वर्षातून काही दिवस वरच्या मजल्यावर येऊन राहतात, असं त्याने छताकडे बघत सांगितलं. हा सूर माझ्या ओळखीचा होता. आमच्याकडे पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलं की पीए याच सुरात सांगतो, साहेब पूजेत आहेत. मित्र तसबिरींकडे बघत म्हणाला, "काय न्हाई बे, पाटीलच हायत हे. फक्त आपल्याकडं फ्लेक्स चार दिवसांत उतरवतेत, ह्यांनी रंगात काढून घेतले." दुकानात त्याने चौकड्यांचा घागरा कमरेला लावून बघितला आणि गुडघे उघडे पडतात म्हणून परत ठेवला. त्याची बायको म्हणाली, धोतर नेसायला लाजणाऱ्या माणसाला हे बरं सुचलं.

मला पाट्या वाचायची सवय आहे. एका दालनात वेढ्याची हकिकत लिहिलेली होती, कोण किती दिवस कशावर जगलं, वगैरे. मी ती शेवटपर्यंत वाचली. मागं वळून बघतो तर बायको नाही.

मित्र वर गेला, त्याची बायको अंगणात गेली, मी आलो त्या वाटेनं मागं फिरलो. प्रत्येक खोलीत पलंग, बशा, तलवारी. राजा कुठं झोपायचा हे आता मला तोंडपाठ झालं होतं. अर्धा तास गेला असेल. मी फक्त एवढाच हिशोब करत होतो की तिला कुणी काही विचारलं तर ती काय सांगेल. हॉटेलचं नाव सांगता येणार नाही. गावाचं सांगेल, पण नेकनूर म्हणेल, माहेरचं.

तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. मिस्टर आहो यांनी कृपया जुन्या स्वयंपाकघरात यावं, त्यांच्या पत्नी त्यांची वाट पाहत आहेत.

असल्या आडनावाचा कुणी फिनलंडचा पाहुणा असेल, म्हणून मी पुढं गेलो. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा थांबलो. तिसऱ्यांदा पळालो.

स्वयंपाकघरात ती एका लांब बाकावर बसली होती. शेजारी किल्ल्यात मदतीला येणारी एक पांढऱ्या केसांची म्हातारी, बायकोचा हात हातात घेऊन. म्हातारी मला म्हणाली की तुमच्या मिसेसना इंग्रजी येत नाही, पण नवऱ्याचं नाव मात्र त्या सारख्या घेत होत्या. किती प्रेमानं घेत होत्या! आहो, आहो. त्यावरूनच आम्ही तुम्हाला बोलावलं.

मी आभार मानले. माझं नाव ते नव्हे, हे सांगायच्या फंदात पडलो नाही. बायको उठली आणि माझ्याबरोबर निघाली. ती माझ्याकडे बघून सुटकेनं हसली होती, हे मी त्या दिवशी स्वतःला बरेचदा सांगितलं. मित्र आल्यावर त्याच्याकडे बघूनही ती तशीच हसली, हे सांगितलं नाही.

गाडीत हसण्याला ऊत आला. मित्राच्या बायकोचं म्हणणं, तिला वाटलं आमच्या ह्यांनाच बोलावतायत. मित्र म्हणाला, "मला बी तसंच वाटलं. मी निमा जिना उतरलो होतो." मग म्हणाला की बीडच्या बाजारात कुणी हे स्पीकरवर पुकारलं तर सगळी बाप्यामंडळी धावत सुटतील. त्या दिवसापासून माझं नाव मिस्टर आहो पडलं. सकाळी चहाला, गाडीत चढताना, फोटो काढताना. सगळ्यात जास्त माझी बायको हसायची. ती चांगल्या स्वभावाची आहे. लोक हसत असले की हसते.

त्या हसण्याखाली मी एकटाच दुसरा विचार करत होतो. 'अहो' हे नाव नाही. नवऱ्याला अहो, फळवाल्याला अहो, कंडक्टरला अहो, रस्त्यात पत्ता विचारायचा तर त्यालाही अहो. 'तुम्ही' तेच, 'या, बसा' तेच. नवऱ्याला मान द्यायचा म्हणून आमच्या भाषेनं त्याला अनोळखी माणसाच्या रांगेत बसवलं आणि चाळीस वर्षं मी त्या रांगेत छाती काढून बसलो. ती मला हाक मारत होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला, हे त्या शब्दावरून ओळखता येत नव्हतं. ओळखायचे उपाय होते. 'मी कोण?' असं विचारायला दोन शब्द पुरतात. आठ दिवसांत मला ते जमलं नाही.

व्हिस्कीच्या कारखान्यांत मित्र खुलायचा. तांब्याचे ते प्रचंड हंडे तो हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचा, बाळाचा ताप बघावा तसा. त्याच्या मते सगळं तेच होतं, आमची मळी, यांचे सातू; आमचा वास आला की लोक निवेदन द्यायचे, यांच्या वासाला तिकीट. तिसऱ्या कारखान्यात एक लाल केसांची मुलगी आम्हाला गोदामात घेऊन गेली. थंड, अंधारं, मातीच्या जमिनीचं. दोन्ही बाजूंनी लाकडी पिंपं ओळीनं मांडलेली, बुटकी, पोट पुढं काढलेली, प्रत्येकाच्या तोंडावर रंगवलेला नंबर.

मुलगी सांगत होती की दर वर्षी लाकडातून थोडी थोडी दारू उडून जाते. इलाज नाही. तिला इथं देवदूतांचा वाटा म्हणतात. मित्र म्हणाला की आमच्याकडं त्याला घट म्हणायचे आणि ती देवदूतांच्या नव्हे, आमच्या माथी मारायचे.

बायको पुढं गेली. दोन ओळींच्या मधे, समोरच्या बाजूला, जिथं मास्तरीण उभी राहते बरोबर तिथं जाऊन उभी राहिली. पदर खोचला. आणि हळू आवाजात तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या पिंपाला पहिलं नाव, दुसऱ्याला दुसरं. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मी ही यादी ओळखत होतो. तिच्या नोकरीच्या मधल्या कुठल्या तरी वर्षाची. ती सगळी पोरं आता चाळिशीला आली असतील. एकही नाव चुकलं नाही. प्रत्येक नावानंतर ती थांबायची, कान द्यायची आणि मग पुढं.

मित्राला वाटलं, वहिनी गंमत करतायत. त्याने तिला समजावलं, "वहिनी, दर सालाला ह्यातलं जरा जरा कमी होतं म्हनं."

"ऊसतोडीला गेले असतील," ती म्हणाली. "दिवाळीनंतर निमा वर्ग रिकामाच असतो. पाडव्याला येतेत परत."

मुलीनं मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं, गेलेलं परत येतं असं म्हणाली. मुलगी हसून म्हणाली, नाही, हे परत येत नाही. मी ते मराठीत आणलं नाही.

साठ पोरांची नावं, साठ बापांची नावं. मी गोदामाच्या दाराशी उभा होतो आणि माझी पाळी येईल अशी मला आशा होती, हे कबूल करायला हरकत नाही. तिने साठावं नाव घेतलं, जवळ नसलेला हजेरीपट मिटला आणि पदर सोडला.

शेवटी चव घ्यायची खोली. सिंहासनासारखी मोठी खुर्ची प्रत्येकाला, समोर चार-चार पेले, बायकांना सफरचंदाचा रस. मित्र पेल्यात नाक घालून डोळे मिटून बसला. मी एक घोट घेतला. मला डांबर आणि आयोडीन यांचा वास आला, पण सगळे गंभीर होते म्हणून मीही झालो. त्या दिवशी मित्राच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्याच्या बायकोनं उभं राहून उखाणा घेतला, नवऱ्याचं नाव अगदी ठसक्यात. मुलीला ही पद्धत समजावून सांगितली, तिला ती फार आवडली. मग मित्राची बायको म्हणाली, "आता बाईंचा नंबर. भाऊजी, आज तुमचं खरं नाव कळू द्या ह्या लोकांला."

मी म्हणालो, राहू द्या, ती दमलीय. बायको उठून उभी राहिली. उखाणा म्हटल्यावर तिच्या पिढीतली बाई उठतेच. तिचा उखाणा तिनेच रचलेला, नोकरी लागली त्या वर्षीचा.

"वर्गात मुलं साठ, फळ्यावर अक्षर ताठ," ती म्हणाली.

आणि थांबली.

मित्राची बायको म्हणाली, लाजल्या, लाजल्या. मित्राने टेबलावर ताल धरला. बायको हसली नाही, मानही खाली घातली नाही. ती सरळ माझ्याकडे बघत होती. वर्गात फळ्यापाशी उभं केलेलं पोर शेजारच्या बाकावरच्या पोराकडे बघतं तसं. डॉक्टरांच्या कागदावरची ती खूण मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसली.

मी उठलो, तिच्या कानाशी वाकलो आणि माझं नाव सांगितलं. लग्नाच्या बोलण्यांतही मी ते तिला स्वतः सांगितलं नव्हतं. वडिलांनी सांगितलं होतं.

तिचा चेहरा उजळला. खणखणीत आवाजात तिने ते 'राव' लावून घेतलं, "...चं नाव घेते, उखाणा माझा पाठ" म्हणून पुरं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाल केसांच्या मुलीनं तर उभं राहून वाजवल्या. बायको खुर्चीत बसली, रसाचा घोट घेतला आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "आलेत का ते आज?"

"आलेत," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या होत्या. मित्राने हातातला पेला खाली ठेवला, त्यात अजून बरीच शिल्लक होती. गाडीकडे जाताना त्याने बायकांना पुढं जाऊ दिलं. मग म्हणाला, "कावून सांगितलं न्हाईस बे?"

माझ्याकडे चांगली उत्तरं बरीच होती. मी म्हणालो, "मलाच म्हाईत नव्हतं."

हे खोटं होतं आणि त्याला ते कळलं. राहिलेले दोन दिवस कुणी मला मिस्टर आहो म्हटलं नाही. ते जास्त वाईट होतं. मित्राची बायको तिच्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलू लागली. अजून दोन किल्ले पाहिले. दोन्ही सामानासकट होते. बायको गाडीतच बसून राहिली. मीही तिच्याशेजारी बसलो, पाट्या वाचल्या नाहीत.

परत येऊन आता महिना झाला. लोक फोटो बघायला येतात. किल्ल्याच्या दारात आम्ही चौघं उभे आहोत, असा एक फोटो आहे. ती त्यातल्या स्वतःवर बोट ठेवते, मित्राच्या बायकोवर ठेवते. दोन बाप्यांवरून तिचं बोट सरकत जातं आणि मागच्या तोफेवर थांबतं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचं आहे. ते तोच प्रश्न विचारतील, ती तशीच हसेल. या वेळी मी त्यांना खूण करू देणार नाही, असं ठरवलं आहे. पण ठरवलेलं मी कितपत पाळतो, हे मला आता माहीत झालं आहे.

परवा सकाळी फळवाला गाडा घेऊन दाराशी आला. सीताफळांचे दिवस. वीस वर्षं तो आमच्या गल्लीत येतो, त्याची दोन पोरं तिच्या हाताखाली शिकलेली नसली तरी तिला बाईच म्हणतो. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ती दारात आली आणि म्हणाली, "अहो."

"बोला बाई," तो म्हणाला.

"काय गं," मी म्हणालो.

दोघं एकदमच बोललो. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग पायरी उतरून गाड्यापाशी गेली, डोळे उघडलेली चार सीताफळं निवडली, त्याच्या घरची चौकशी केली. तो गाडा ढकलत पुढं गेला. ती वळली, तेव्हा मी तिथंच बसलेलो तिला दिसलो. सीताफळं पदरात धरून ती थांबली. आपल्यामुळं कुणाला ताटकळत बसावं लागलं, याचं तिला वाईट वाटलं असावं.

"आन् तुमाला," तिने अदबीनं विचारलं, "काय पायजे होतं?"